ओळख नसलेल्या गिऱ्हाईकाचं काय?

गेल्या दिवाळीत सोलापूरला गेलो, तेव्हा घरात एकच वाद पेटला होता. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या डाळिंबाच्या बागेसाठी नवा फवारणी पंप घ्यायचा होता. धाकट्या भावाला मोबाइलवर तोच पंप मार्केट यार्डाजवळच्या दुकानापेक्षा तीन हजारांनी स्वस्त दिसला होता. "दादा, तीन हजार काय झाडाला लागतात का?" हा त्याचा मुद्दा. आण्णांचं म्हणणं, "पंप बंद पडल्यावर मोबाइल येणार आहे का वॉशर बदलायला?"

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, अकरा वर्षं झाली. दोघांनाही वाटलं, मी ऑनलाइनच्या बाजूनं बोलेन. तसं झालं नाही आणि दुकानदाराच्या बाजूनंही मला सरसकट बोलता आलं नाही.

आण्णांचं म्हणणं मला पटतं, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय. डाळिंबावर तेल्या रोग पावसाळी, दमट हवेत झपाट्यानं पसरतो. पाऊस उघडला की फवारणीला एखाद-दोन दिवस मिळतात. एका पावसाळ्यात नेमका त्याच दिवशी आमचा पंप बसला. दुकानदारानं दुकानातला वापरता पंप टेम्पोत घालून पाठवला आणि आमचा दुरुस्तीला ठेवून घेतला. त्या दिवशी बाग वाचली. त्यापुढं तीन हजारांचा हिशोब कोण मांडणार?

पण तो टेम्पो आला, कारण दुकानदार आण्णांना पंचवीस वर्षं ओळखतो. माझ्या आत्याला असं कोणी ओळखत नाही. तिचे यजमान गेल्यावर शेती तिच्या अंगावर आली. तिनं त्याच बाजारातल्या दुसऱ्या एका दुकानातून कडबा कुट्टीची मशीन घेतली. "पक्कं बिल कशाला, ताई? जीएसटी वाचेल," असं सांगून दुकानदारानं साध्या कागदावर आकडा लिहून दिला. तिसऱ्या महिन्यात मोटार जळाली. दुकानात गेली तर, "कंपनीला फोन करा." कंपनी म्हणाली, बिल पाठवा. बिल कुठं होतं? त्या उन्हाळ्यात तिनं कडबा कोयत्यानं तोडला. 'आपला माणूस, ओळखीचं दुकान' असं कोणी म्हटलं की मला आत्या आठवते.

जर्मनीत मी कायमच आत्याच्या जागी असतो. इथं मला ओळखणारा दुकानदार नाही. तरी दहाव्या महिन्यात माझं ड्रिल मशीन बंद पडलं तेव्हा दुकानानं ते निमूट घेतलं आणि फुकट दुरुस्त करून दिलं. नव्या वस्तूतल्या दोषाला इथं विकणाराच दोन वर्षं जबाबदार असतो. 2022 पासून तर पहिल्या वर्षात दोष निघाला, तर तो आधीपासून नव्हता हे विकणाऱ्यानं सिद्ध करायचं. कंपनीकडं बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू चौदा दिवसांत कारण न सांगता परत करता येते. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला मात्र हा चौदा दिवसांचा हक्क नाही. वस्तू हाताळून न पाहता घेणाऱ्याला जादा संरक्षण, हा विचार मला फार रास्त वाटतो.

म्हणून इथलं सगळं चांगलं असं नाही. मुदत संपली की दुरुस्तीचा दर ऐकूनच माणूस नवी वस्तू घेतो. सोलापुरात वीस वर्षांची मोटार पुन्हा वायंडिंग करून विहिरीवर चढते, बेअरिंग बदललेला पंप आणखी दहा हंगाम काढतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले यंत्रमागवाले तर अशाच कारागिरांच्या भरवशावर माग चालू ठेवतात. असा कारागीर माझ्या गावात शोधून सापडत नाही. दुरुस्तीची सवय परत यावी म्हणून युरोपीय संघाला 2024 मध्ये कायदा करावा लागला. आपल्याकडं ती सवय अजून जिवंत आहे. सगळेच ऑनलाइनकडं वळले आणि सुटे भाग ठेवणारी दुकानं बंद पडली, तर तीही जाईल. म्हणून दुकानात तासभर पंप बघायचा, मिस्त्रीकडून सगळं समजून घ्यायचं आणि घरी येऊन मोबाइलवर मागवायचा, हे मला चुकीचं वाटतं. भावाला मी तसं स्पष्ट सांगितलं.

त्याचवेळी आण्णांनाही एक गोष्ट सांगितली. "ऑनलाइनवाल्याला कुठं शोधणार?" हा प्रश्न आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विकणारा दिल्लीचा असला तरी सोलापूरच्या जिल्हा आयोगापुढं दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. ऑनलाइन खरेदीत भावाकडं निदान बिल तरी असतं. आत्याकडं तेही नव्हतं. आयोगापुढं ती काय दाखवणार?

दुकानदाराचे तीन हजार जास्त असायला माझी हरकत नाही. ते कशाचे, हे त्यानं लिहून द्यावं एवढंच. हंगामात माणूस किती दिवसांत येईल, दुरुस्तीला वेळ लागला तर बदली पंप मिळेल का, सुटे भाग किती वर्षं ठेवणार. जे तो आण्णांना तोंडी देतो, तेच पक्क्या बिलावर, शिक्क्यासह.

शेवटी भाऊ आणि आण्णा दोघं मिळून दुकानात गेले. दुकानदार आधी जरा दुखावला. "मालक, इतक्या वर्षांत कधी नाही म्हटलंय का?" मग त्यानं पेन घेतलं आणि बिलाच्या मागं लिहिलं, 'हंगामात दोन दिवसांत माणूस येईल, नाहीतर बदली पंप.' भावानं त्याचा फोटो मला पाठवला.

आत्यालाही यंदा पंप घ्यायचाय. तिला मी त्याच दुकानात जायला सांगितलंय, एकटीनं, आण्णांचं नाव न घेता.