मूलभूत हक्कांवर संविधान सभेत खरोखर काय घडले : एका दाव्याचा प्रतिवाद

संविधान दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : आपले मूलभूत हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेवरून जसेच्या तसे उतरवून घेतले, संविधान सभेत एकाच पक्षाचे प्रचंड बहुमत असल्यामुळे तेथील चर्चा हा निव्वळ उपचार होता, आणि त्या जुन्या भाषणांचा आजच्या नागरिकाच्या हक्कांशी काही संबंध उरलेला नाही. सभेचे कार्यवृत्त छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्याच्याशी ताडून पाहिले असता या तिन्हींपैकी एकही विधान टिकत नाही.

उतरवून घेतल्याचा आरोप नवा नाही. मसुद्यावरील चर्चा सुरू झाली त्याच दिवशी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. आंबेडकरांनी त्याला उत्तर दिले होते : राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचीही मक्तेदारी नसते, म्हणून त्या घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु या सर्वसाधारण उत्तरापेक्षा जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण करणाऱ्या आजच्या अनुच्छेद २१ ची हकीकत अधिक बोलकी आहे, कारण येथे अमेरिकेचा शब्दप्रयोग आधी स्वीकारला गेला आणि मग विचारपूर्वक काढून टाकला गेला.

एप्रिल १९४७ मध्ये सभेपुढे आलेल्या मूलभूत हक्कांवरील अंतरिम अहवालात ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ हेच अमेरिकी शब्द होते. त्यांचा अर्थ असा की, कायदा रीतसर संमत झाला आहे एवढ्यावर न थांबता तो न्याय्य आहे का, हेही न्यायालयाने तपासावे. सभेचे घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेत जाऊन तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले आणि न्यायाधीशांच्या हाती एवढी सत्ता देणे धोक्याचे आहे असे मत घेऊन परतले. त्यानंतर मसुदा समितीने ते शब्द वगळले आणि जपानच्या राज्यघटनेतील धाटणीवरून ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हा शब्दप्रयोग घातला, म्हणजे रीतसर संमत कायद्यानुसार कारवाई झाली की पुरे.

या बदलावर ६ आणि १३ डिसेंबर १९४८ रोजी जो वाद झाला, तो मुळातून वाचावा असा आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जुने शब्द परत आणण्याची दुरुस्ती मांडली आणि कन्हैयालाल मुन्शी यांनी तिची बाजू घेतली. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरोधात उभे राहिले. डॉ. आंबेडकरांनी दोन्हीकडचे धोके सभागृहापुढे ठेवले : पक्षाच्या माणसांनी भरलेले विधिमंडळ जुलमी कायदा करू शकते, आणि मोजक्या न्यायाधीशांवर कायद्याच्या बरेवाइटपणाचा निवाडा सोपवण्यातही जोखीम आहे. स्वतःचा कौल न देता त्यांनी निर्णय सभागृहावर सोडला. दुरुस्ती फेटाळली गेली.

प्रकरण मात्र तेथे मिटले नाही. सभेच्या बाहेर या तरतुदीवर इतकी टीका झाली की १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी अनुच्छेद १५-अ, म्हणजे आजचा अनुच्छेद २२, मांडला आणि आधीच्या निर्णयाची ही भरपाई आहे असे उघडपणे सांगितले. अटकेची कारणे सांगणे, आपल्या पसंतीचा वकील मिळणे, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत होत्याच. पण साधा कायदा विधिमंडळ केव्हाही बदलू शकते, म्हणून त्यांना घटनेत जागा देण्यात आली. आज पोलीस ठाण्यात बसवून ठेवलेल्या माणसाचे नातेवाईक २४ तासांचा हिशोब मागू शकतात, ते या वादामुळे. कोणत्याही परक्या घटनेवरून नक्कल करून ही तरतूद आलेली नाही.

त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही, म्हणजे खटला न चालवता खबरदारी म्हणून डांबून ठेवण्यालाही, मान्यता मिळाली, आणि बक्षी टेकचंद यांच्यासारख्या अनुभवी न्यायविदाने त्यावर कठोर टीका केली, हेही नोंदवले पाहिजे. चर्चेचा निकाल प्रत्येक वेळी नागरिकाच्या बाजूने लागला, असा माझा दावा नाही.

दुसरा मुद्दा बहुमताचा. काँग्रेसचे बहुमत होते, हे खरे. परंतु सदस्य नुसते हात वर करत होते म्हणावे, तर मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्यांची सूचना आली आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, याचा उलगडा कसा करायचा? शिवाय मतभेदाच्या रेषा पक्षाच्या रेषांवरून जात नव्हत्या. वर सांगितलेल्या वादात मुस्लीम लीगचे करीमुद्दीन आणि काँग्रेसचे मुन्शी एका बाजूला होते. कम्युनिस्ट सदस्य सोमनाथ लाहिरी यांनी तर एप्रिल १९४७ मध्येच यांतले अनेक हक्क पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिले आहेत, असे सुनावले होते.

या रेट्याचा परिणाम शब्दाशब्दांत दिसतो. सभा, संघटना, संचार आणि व्यवसाय यांवरील निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, हा शब्द पंडित ठाकूरदास भार्गव यांच्या दुरुस्तीमुळे आला. त्या एका विशेषणामुळेच निर्बंध वाजवी आहे की नाही, हे न्यायालयाला तपासता येते. भाषणस्वातंत्र्याच्या कलमात तो शब्द तेव्हा आला नाही. तेथे तो १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला.

मसुद्यात भाषणस्वातंत्र्याला मर्यादा घालणाऱ्या कारणांत ‘राजद्रोह’ही होता. १ डिसेंबर १९४८ रोजी मुन्शींनी तो वगळण्याची दुरुस्ती मांडली. सरकारवर टीका करणे हा लोकशाहीचा प्राण आहे, हा त्यांचा युक्तिवाद सभेने मानला. १९०८ साली याच आरोपावरून मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती, त्यामुळे मराठी वाचकाला या वगळण्याचे मोल वेगळे सांगायला नको. दंडसंहितेतील राजद्रोहाचे कलम १२४-अ पुढेही राहिले, पण घटनेने त्या शब्दाला आधार दिला नाही.

तिसरा मुद्दा, जुन्या भाषणांचा आज संबंध काय हा, मला सर्वांत चुकीचा वाटतो. अनुच्छेद २१ मधली ‘कार्यपद्धती’ न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात ठरवले, आणि १९४८ साली मतदानात हरलेली भूमिका बऱ्याच अंशी कायदा बनली. करीमुद्दीन यांची आणखी एक दुरुस्ती होती : मनमानी झडती आणि जप्तीपासून नागरिकाला संरक्षण मिळावे. डॉ. आंबेडकर ती स्वीकारायला तयार असूनही ती फेटाळली गेली. गोपनीयतेच्या हक्काचा खटला नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे चालला, तेव्हा घटनाकारांनी हा हक्क जाणूनबुजून नाकारला होता, असे सरकारने याच इतिहासाच्या आधारे मांडले. न्यायालयाने त्या चर्चा बारकाईने तपासल्या, एक विशिष्ट तरतूद नाकारणे म्हणजे गोपनीयताच नाकारणे नव्हे असे म्हटले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने हा हक्क मूलभूत ठरवला.