तापातली गुठळी ‘घट्ट रक्ता’मुळे होत नाही

आमच्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “तापात रक्त घट्ट होतं, म्हणून गुठळी होते. पांढऱ्या पेशी फक्त जंतू मारतात, गुठळीशी त्यांचा संबंध नाही. लसूण खा आणि ताप आला की रक्त पातळ करायची गोळी घ्या.”

अंगातलं पाणी कमी झालं की रक्त थोडं दाट होतं, एवढं खरं. पण न्यूमोनियात किंवा सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद हाताबाहेर जाऊन अवयवांना इजा होते ती अवस्था) गुठळ्या होतात त्या मुख्यतः पेशींच्या आपसातल्या इशाऱ्यांनी. सलाइन लावलं म्हणून तो धोका टळत नाही.

पांढऱ्या पेशींचा मुद्दा तर सपशेल चूक. जंतूंची चाहूल लागताच मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अंगावर टिश्यू फॅक्टर हे प्रथिन आणतात. एरवी ते रक्तवाहिनीच्या बाहेरच्या बाजूला असतं. जखम झाली तरच रक्ताशी त्याची गाठ पडते. इथे जखम नसतानाच ते रक्तात उघडं पडतं, रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन तयार होतं आणि गुठळी बांधणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाचे धागे विणले जाऊ लागतात. तिकडे जाग्या झालेल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, पी-सिलेक्टिन हे चिकटायचं प्रथिन बाहेर काढून न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीला चिकटतात, आणि हा न्यूट्रोफिल आपला डीएनएच जाळ्यासारखा बाहेर फेकतो. बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली ही जाळी दाखवून दिली. कृष्णेत टाकलेल्या जाळ्यात माशांबरोबर काटक्या, शेवाळ येतं, तशा इथे जंतूंबरोबर प्लेटलेट आणि लाल पेशीही अडकतात.

हे सगळं जंतूला एका जागी कोंडण्यासाठी, आपल्याच रक्षणासाठी चाललेलं असतं. आवर सुटला की मात्र फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्या बुजतात. कोरोनाच्या लाटेत डी-डायमरच्या रिपोर्टसाठी नातेवाईकांची धावपळ चालायची ती यामुळेच. विरघळणाऱ्या फायब्रिनचे तुकडे त्यात मोजतात.

गोळीचा सल्ला जिवावर बेतू शकतो. पावसाळ्यातला ताप डेंगीचा असला तर प्लेटलेट आधीच घसरलेल्या असतात. त्यावर अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. हृदयासाठी जे ती रोज घेतात, त्यांनी मनाने बंदही करू नये, डॉक्टरांना विचारावं. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन कुणाला द्यायचं, किती द्यायचं, हे पेशंट तपासून ठरतं. लसूण जेवणात खुशाल खा, गुठळीवरचा तो इलाज नव्हे.

आजारात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर सकाळ व्हायची वाट न बघता त्याला दवाखान्यात न्या.