खुलासा : ऑनलाइन रेग्युलेटर घेऊन ‘थेट पाण्यात’?

‘स्कूबाचा रेग्युलेटर ऑनलाइन स्वस्तात घ्या, खोक्यातून काढून थेट पाण्यात उतरा, दुकानातली तपासणी म्हणजे लूट,’ हा मेसेज सध्या फिरतोय. (स्कूबा म्हणजे पाठीवरच्या टाकीतल्या हवेवर पाण्याखाली पोहणं; रेग्युलेटर म्हणजे ती हवा श्वास घेण्याजोग्या दाबाने तोंडापर्यंत पोचवणारं उपकरण.) स्वस्ताईचं कधीकधी खरं असतं. ‘थेट पाण्यात’ हे मात्र जिवावर बेतू शकतं.

रेग्युलेटरचा पहिला टप्पा टाकीतला सुमारे २०० बार (बार हे दाबाचं एकक) दाब ९-१० बारवर आणतो. हा दाब तिथेच स्थिर राहतो का, हे गेज (दाबमापक) लावल्याशिवाय कळत नाही, वस्तू कोरी असली तरी. जोडणी-तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून करून घ्या, असं कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतच असतं. अनधिकृत विक्रेत्याकडून घेतल्यास वॉरंटीही बरेचदा मिळत नाही.

फिन्स (पोहताना पायात घालायचे पंखे) खुशाल ऑनलाइन मागवा. मास्क मात्र दुकानात पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने श्वास ओढा. चिकटून राहिला तरच घ्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.