‘चेक घ्या नि गप्प बसा’ म्हणणाऱ्यांना

गाववाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “जमीन हा आता हक्कच नाही. सरकारने मागितली की द्यायची. हरकती कचऱ्यात जातात. मोबदल्याचा चेक नाकारलात तर पैसेही बुडतील. कायदा काही बदलत नसतो.”

पहिलं वाक्य अर्धं खरं. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्ता मूलभूत हक्कांतून गेली, पण कलम 300अ मध्ये घटनात्मक हक्क म्हणून राहिली. नोटीस देणं, म्हणणं ऐकणं, कारणं देऊन निर्णय करणं हे त्या कलमातच येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलंय.

हरकती कचऱ्यात? रायगडातल्या पेणच्या 22 गावांना विचारा. हेटवणे धरणाच्या पाण्यावर भिजणारी शेती सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, द्यायची का, यावर सप्टेंबर 2008 मध्ये सरकारलाच मतदान घ्यावं लागलं. 2019 मध्ये नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना रद्द झाली. ते आंदोलनाने झालं, म्हणाल. मान्य. पण कागदही लागतो, आणि तिथे आपण मार खातो. 2013 च्या भूसंपादन कायद्यात हरकतीला प्राथमिक अधिसूचनेपासून 60 दिवस, महामार्गाच्या कायद्यात जेमतेम 21. आमच्याकडे सातबाऱ्यावर नावं अठरा. त्यातली बारा मुंबईत, दोन तर कधीचीच वारलेली. गावात कागद लागतो पावसाच्या तोंडावर, घरात विषय निघतो गणपतीत. हरकत कचऱ्यात कुठली जायला, ती दिलेलीच नसते!

चेकचं तर नेमकं उलटं आहे. 2013 च्या कायद्यात नाकारलेली रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते, बुडत नाही. धोका मुकाट्याने घेण्यात आहे. ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे ‘रक्कम मान्य नाही, तरी घेतो’, असं न नोंदवता पैसे उचलले, की वाढीव मोबदल्यासाठी अर्जच करता येत नाही.

आणि कायदा बदलत नाही म्हणे. अलिबागजवळ चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप करून 1933 पासून सहा वर्षं शेतं ओस ठेवली. 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती, म्हणजे खोतांनी कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली 1949 मध्ये. वेळ लागला, पण गेली.

मेसेजमागचा राग मात्र खोटा नाही. एमआयडीसी 1961 च्या स्वतःच्या कायद्याने जमीन घेते. त्यात ना सामाजिक परिणामांचा अभ्यास, ना जमीनमालकांच्या संमतीची टक्केवारी. हे विधिमंडळानेच दुरुस्त करायचं. यंदा आमदार आरतीला आले की प्रसाद हातावर ठेवून विचारूया: त्या कायद्यात संमतीचं कलम कधी घालताय?