मिलर्स डेलचा फोटो टाकण्याआधी

विदर्भातल्या 'शकुंतला' या बंद पडलेल्या नॅरोगेज रेल्वेचा विषय निघाला की कुणीतरी लिहितंच, "इंग्रज बघा, पडीक स्टेशनसुद्धा कसं जपतात!" सोबत डर्बीशरमधल्या मिलर्स डेलचा फोटो: फलाट, कॅफे, सायकली. फोटो खरा आहे, कौतुक चुकीच्या जागी आहे.

हे स्टेशन 1863चं. गाव मूठभर घरांचं, पण बक्स्टन शहराची गाडी इथेच बदलायची, म्हणून फलाट पाच. 1905 मध्ये जुन्या पुलाला खेटून दुसरा पूल बांधला. मार्च 1967 मध्ये स्टेशन बंद झालं, पुढच्या वर्षी थेट गाड्याही. रूळ भंगारात गेले. जपणारे ते हेच! ब्रिटिश रेल्वेची काटछाट सुचवणाऱ्या 1963च्या बीचिंग अहवालात 2,363 स्टेशनं बंद करायची शिफारस होती.

वाचलं ते एकाच गोष्टीमुळे. 1980 मध्ये रुळांच्या जमिनीची इथली सलग पट्टी राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आली आणि 1981 मध्ये पायवाट झाली. इतर ठिकाणी रुळांची जमीन तुकड्यांनी विकली. कुठे बंगला उठला, कुठे रस्ता गेला. तिथे उद्या गाडी आणायची म्हटली तर आधी लोकांची घरं पाडावी लागतील.

पायवाट झाली तरी बोगदे 2011पर्यंत बंदच होते. बंद बोगद्याचा वैरी पाणी. गटार तुंबलं की पाणी विटांत मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटांचे पापुद्रे सुटतात. दगडी पुलाचं दुखणं दरजांचं, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांचं. चुना धुऊन गेला की घाईत सिमेंट भरतात. मग ओल आत कोंडते आणि दगडच फुटतो. तिथे चुनाच भरायचा, वेळ लागला तरी.

'शकुंतला'वर मात्र भांडण एवढंच: इंजिन जपा, की ब्रॉडगेज करा? 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं ते इंजिन 1994पर्यंत धावलं. त्याला शेड मिळेलच. यवतमाळ ते अचलपूर ही जवळजवळ 190 किलोमीटरची पट्टी मात्र शेडमध्ये मावत नाही. तिची मोजणी करा, हद्दीचे दगड रोवा, सातबाऱ्यावर काय लिहिलंय ते तपासा आणि पावसाळ्याआधी भरावाखालच्या मोऱ्या उपसा. रूळ नॅरोगेज की ब्रॉडगेज, हे त्यानंतर.

"तिकडे इंग्लंडमध्ये बसून शिकवू नका," असं उत्तर येईलच. येऊ द्या. इथल्या पायवाटेला 'आमची' म्हणताना जीभ अडखळते, मूर्तिजापूर जंक्शनला म्हणताना नाही. आता तिथे माझा हक्क किती उरलाय, ते तिकडच्यांनी ठरवावं. मोऱ्या तेवढ्या मे महिन्यातच उपसा. जूनमध्ये भराव खचला की मग मोजायला पट्टीच उरत नाही.