‘खातं शंभर टक्के सेफ’ म्हणणारा तो मेसेज

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. ‘गेमिंग अकाउंट हॅक होऊ नये म्हणून सहा नियम. शंभर टक्के सेफ. सर्व ग्रुपवर पाठवा.’ खाली तीनदा हात जोडलेले. गेमिंग अकाउंट म्हणजे इथे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन साइटवरचं खातं. म्हापशात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले बदलायला, चार्जिंग पिन घालायला आलेली माणसं जाता जाता विचारतात, “भाई, हे खरं ना?” प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. सहा नियमांत मिळून अर्धा नियम बरोबर आहे. तो कुठला ते पुढे येईल.

पहिला नियम: पासवर्डात मोठं अक्षर, आकडा आणि @ हवाच, आणि तो दर महिन्याला बदला.

हा सल्ला जुना आहे. 2003 मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेतल्या बिल बर यांनी तो लिहिला आणि जगभरच्या ऑफिसांनी उचलला. 2017 मध्ये निस्टनेच तो मागे घेतला. त्या वर्षी बर यांनीही आपल्या सल्ल्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. कारण काय, ते माझ्या काउंटरवर रोज दिसतं. दर महिन्याला बदल म्हटलं की माणूस ‘गणेश@123’चा ‘गणेश@124’ करतो. त्याला वाटतं बदलला. चोराच्या प्रोग्रामला पुढचा आकडा लावून बघायला किती वेळ लागणार? त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांबलचक पासवर्ड करा: खाजें, होडी, शिक्का, पंखा, असं काहीतरी. (हेच शब्द घेऊ नका, आता ते सगळ्यांना कळले.) तो फुटल्याचा संशय आला तरच बदला.

दुसरा नियम: एकच कडक पासवर्ड पाठ करा, सगळीकडे तोच वापरा, कुठेही लिहू नका.

सगळ्यात मोठा घोटाळा या नियमात आहे. बहुतेकांना वाटतं की हॅकर अंधाऱ्या खोलीत बसून आपला पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतो. तेवढे कष्ट कोण घेतो! कुठल्या तरी भलत्याच साइटवरून आधीच फुटलेली ईमेल-पासवर्डची यादी तो विकत घेतो आणि प्रोग्राम लावून त्याच जोड्या दुसऱ्या साइटवर चालतात का बघतो. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेत ड्राफ्टकिंग्ज या सट्ट्याच्या साइटवर हेच झालं. सुमारे साठ हजार खाती उघडली गेली आणि त्यातल्या साधारण 1,600 खात्यांतून सहा लाख डॉलर गेले. पकडला गेलेला विस्कॉन्सिनचा मुलगा आरोप ठेवला तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढे त्याला 18 महिन्यांची कैद झाली. कंपनीचं कुलूप फोडायची गरजच पडली नाही, किल्ल्या लोकांनी दुसरीकडे हरवलेल्या होत्या.

त्या चोरीची रीत बघण्यासारखी आहे. आत शिरल्यावर आधी पैसे काढण्याचा नवा मार्ग जोडायचा, तो चालतो का बघायला फक्त पाच डॉलर भरायचे, मग पासवर्ड बदलायचा, दुहेरी तपासणीसाठी (पासवर्डानंतर फोनवर येणारा कोड) स्वतःचा फोन नंबर लावायचा आणि सगळी शिल्लक काढायची. म्हणजे मालकाच्या सुरक्षेसाठी केलेली सोय मालकालाच बाहेर ठेवायला वापरली. तेव्हा आपण न केलेला किरकोळ रकमेचा भरणा खात्यात दिसला, तर ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडू नका.

म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड. मग पाठ कसे होणार? होऊ नयेतच. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात जपून ठेवणारं ॲप, वापरा. ते जमत नसेल तर खुशाल वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. परदेशात बसलेल्या चोराला तुमचं डिचोलीतलं कपाट उघडता येत नाही. घरातलाच कोणी उघडणार असेल तर तो प्रश्न वेगळा. आणि सगळ्यात आधी जीमेलचा पासवर्ड सांभाळा. ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक तिथेच येते, ते गेलं की बाकीचं आपोआप गेलं.

तिसरा नियम: ओटीपी तुमच्याच फोनवर येतो, त्यामुळे दुसरा कोणी आत शिरूच शकत नाही.

गेल्या चवथीच्या आधी थिवीचा एक मुलगा फोन घेऊन आला. तक्रार एवढीच, बॅटरी दुपारपर्यंत उतरते, फोन गरम होतो. मी सेटिंगमध्ये ॲपची यादी उघडली. खाली ‘कस्टमर हेल्प’ नावाचं ॲप, होम स्क्रीनवर त्याचं चिन्हच नाही. परवानग्या बघितल्या: एसएमएस वाचणे चालू, नोटिफिकेशन वाचणे चालू, बॅटरीची बंधनं बंद. विचारलं, हे कुठून आलं? म्हणाला, “टेलिग्रामवरच्या एजंटाने पाठवलं. पैसे काढायला लागतं म्हणाला.” ओटीपी त्याच्या फोनवर येत होता हे खरंच, पण तिथून तो लगेच दुसरीकडे जात होता. गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाला ठेवलेले पैसेही त्यात गेले होते.

प्ले स्टोअरबाहेरून आलेली एपीके (ॲप बसवायची) फाईल, स्क्रीन दाखवायला लावणारं ॲप, तुमच्या नावावर दुसऱ्याने काढलेलं सिम, आणि फोन करून गोड बोलून ओटीपी विचारणारा माणूस: ओटीपी जाण्याच्या या चार वाटा. फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि शेजाऱ्याचं त्याच कंपनीचं चालू असेल, तर रीस्टार्ट करत बसू नका, सिम कंपनीला गाठा. जिथे सोय आहे तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा. त्यातला कोड फोनमध्येच तयार होतो आणि साधारण तीस सेकंदांत बदलतो, त्यामुळे सिम पळवून तो मिळत नाही. तोंडाने सांगितला तर मात्र तोही गेलाच.

चौथा नियम: कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट खरी, आणि सायबर कॅफेतून लॉगिन करू नका. दुसरं वाक्य बरोबर, हाच तो अर्धा नियम. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये कोणी चोरून ऐकत नाही. साइटच चोराची असेल तर काय? कुलूप दिसायला साइटला जे प्रमाणपत्र लागतं ते फुकट मिळतं. क्रोमने 2023 मध्ये ते कुलूप काढून टाकलं, कारण लोक त्यालाच सचोटीचा शिक्का समजत होते.

पाचवा नियम: गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहेत, म्हणून ऑनलाइन खातंही कायदेशीर आणि पैसे सुरक्षित.

हे वाचून मला हसू आलं. 1976च्या आपल्या जुगारबंदी कायद्यात 1992 आणि 1996 मध्ये सवलती घातल्या, त्या पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि जहाजांवरच्या जुगाराला. फेब्रुवारी 2020 पासून तर गोंयकाराला मांडवीतल्या त्या जहाजांवर खेळायलाही मनाई आहे. तुमच्या मोबाईलचं जहाज झालं कधी? उलट ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा केला. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा फरक त्यात नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे.

ड्राफ्टकिंग्जने गेलेले पैसे ग्राहकांना भरून दिले. ती परवाना घेऊन चालणारी, पत्ता असलेली कंपनी होती. बंदीनंतरही आपल्याकडे ज्या साइट एजंटांमार्फत चालतात, त्यांना कुठल्या दारात जाऊन विचारणार? तिथे पासवर्ड कितीही लांब ठेवा, मालकाकडे मागचं दार आहेच. मला विचाराल तर अशा खात्यात एक रुपयाही ठेवू नका, मग चोरायला काही उरत नाही.

सहावा नियम: पैसे गेले तर आधी कस्टमर केअरशी बोला, चोवीस तासांत परत मिळतात.

आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बँक. व्यवहाराचा यूटीआर (बँकेने दिलेला ओळख) नंबर आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार सायबरक्राईम पोर्टलवर किंवा रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात करता येते. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवण्याला महत्त्व दिलं होतं, पण ते बँक खात्यातून गेलेल्या पैशाला. तुम्ही स्वतःच साइटच्या वॉलेटमध्ये भरलेले पैसे तिथून गेले, तर बँकेच्या लेखी व्यवहार तुमचाच. ‘जुगाराचं सांगितलं तर पोलीस मलाच धरतील’ या भीतीने बरेच जण गप्प बसतात. 2025च्या कायद्यातल्या शिक्षा चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैसे फिरवणाऱ्यांना आहेत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही.

थिवीच्या त्या मुलाने हा सहावा नियम तंतोतंत पाळला होता. नऊ दिवस तो चॅटवर होता आणि समोरून रोज ‘सर, प्रोसेसमध्ये आहे’ येत होतं. दहाव्या दिवशी माझ्या काउंटरवर उभं राहून त्याने 1930 लावला. तोवर पैसे तीन खाती ओलांडून गेले होते. मी फोटो दुसरीकडे काढून दिले, फोन पूर्ण रिसेट केला, आणि जीमेलचा पासवर्ड त्याच्याकडून माझ्या दुकानातल्या लॅपटॉपवर नव्हे, त्याच्या बहिणीच्या फोनवर बदलून घेतला. बॅटरी मात्र आता रात्रीपर्यंत टिकते म्हणतो.