रोपं नका आणू, कुदळ आणा

राजेहो, आज जरा लांब लिहिते आहे. काही मित्रांना राग येईल हे माहीत आहे, तरी लिहिते.

मे महिन्यातल्या वादळात पश्चिम नागपुरातल्या आमच्या टेकडीवरची बरीच झाडं पडली. टेकडीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की रविवारी रील काढायला गर्दी होते. असं वादळ आपल्याला नवीन नाही. दिवसभर पारा पंचेचाळिसात, दुपार कलली की आभाळ काळं, मग धूळ, मग वारं-वावधान, आणि पाऊस सगळ्यात शेवटी. ढगातून निघालेला पाऊस खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेत अर्ध्या वाटेवरच आटतो. त्यामुळे ती हवा थंड आणि जड होते, खाली आदळते आणि जमिनीवरून चहूकडे सुटते. म्हणून आपल्याकडे आधी झाड पडतं आणि नंतर थेंब येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेजचा पूर आला. मदतीला तयार माणसं भरपूर होती, आणि ही या शहराची खरी श्रीमंती आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रस्ताव दोनच होते. एक, पडलेलं सगळं लाकूड उचलून टेकडी 'स्वच्छ' करू. दोन, पावसाळा लागला की पाचशे रोपं लावू, बॅनर एका दुकानदाराकडून मिळेल. या दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे.

आधी लाकडाचं सांगते. पडलेलं खोड हा कचरा नव्हे. त्यात भुंगेरे अंडी घालतात, अळ्यांसाठी सुतारपक्षी येतो, बुरशी लागते, दोन-तीन पावसाळ्यांत ते भुसभुशीत होतं आणि त्याच्या आडोशाला कडुनिंबाचं रोप उन्हाळा काढतं. उभ्या वाळक्या झाडांच्या ढोल्यांत पिंगळे राहतात, पोपट राहतात. राखी धनेश तर नेमका याच दिवसांत घरटं करतो. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. वादळात असं झाड गेलं की नुसतं झाड जात नाही. अशा वेळी उरलेली वाळकी झाडंही 'धोकादायक दिसतात' म्हणून पाडायची? पायवाटेवर, बाकड्यावर झुकलेलं असेल तर जरूर काढा. आत, जिथे माणूस जातच नाही, तिथे ते कोणाच्या डोक्यावर पडणार आहे?

एका काकूंनी मला थेट विचारलं, "काहून वो ताई, एवढं लाकूड इथंच सडू द्याचं? अन् आग लागली तं?" प्रश्न अगदी रास्त आहे. आग पकडतात ती बारीक काटकी आणि वाळका पाला. जाड, जमिनीला चिकटून ओल धरलेलं खोड सहजी पेटत नाही. म्हणून काटक्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी दूर करायच्या, फेब्रुवारी संपायच्या आत जाळरेषा काढायच्या (आग पुढे जाऊ नये म्हणून गवत-पाला काढून मोकळे ठेवलेले पट्टे) आणि जाड ओंडके उताराला आडवे लावून ठेवायचे. आडवे का, तर पाणी थांबावं म्हणून. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र या भागातल्या कोणी विसरलेलं नाही. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव तुडुंब भरून वाहिला, नाग नदी घरांत शिरली. टेकडीवरच्या चार ओंडक्यांनी पूर थांबतो असं मी म्हणत नाही. पण उघडा, झाडून काढलेला उतार पाणी आणि माती दोन्ही सोडून देतो, एवढं समजायला इंजिनिअर व्हायची गरज नाही.

आता रोपं. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यात ५० कोटी झाडं लावायचा सरकारी संकल्प होता, आठवतो ना? आपल्या ओळखीत त्यातलं एखादं तरी आज सावली देतं का, हे ज्याचं त्याने बघावं. नागपुरात रोप पावसात मरत नाही. पाऊस जूनच्या मध्यावर येतो, सप्टेंबरअखेर सरतो आणि मग जवळजवळ आठ महिने कोरडे. २३ मे २०१३ ला या शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत. त्या उन्हात बादली घेऊन टेकडी चढणारा माणूस बॅनरवाल्या फोटोत कधीच नसतो.

शिवाय लावायची घाई कशाला? जमीन रिकामी नाहीच. सागाचा बुंधा तुटला तर धुमारे फुटतात. पळस पुन्हा पालवतो. तेंदू तर मुळांवरूनच नवे फुटवे काढतो, आणि ते फुटवे नर्सरीच्या पिशवीतल्या रोपापेक्षा कितीतरी चिवट असतात, कारण खाली जुनं मूळ तयार असतं. पेरायचंच असेल तर मोहाच्या आणि निंबोळीच्या बिया झाडाखाली पडल्या की लगेच पेरा. दोन्हींची उगवण फार दिवस टिकत नाही, ऑगस्टच्या कार्यक्रमाची वाट बघितली तर हाती फोलपट येतं.

मग स्वयंसेवकांनी करायचं काय? घाणेरी, म्हणजे लँटानाची काटेरी झुडपं, काढायची. झाडं पडली की वरचं छत उघडतं, ऊन जमिनीपर्यंत पोचतं आणि त्या जागेवर पहिला हक्क सांगते ती घाणेरी, तिच्यामागे गाजरगवत आणि सुबाभूळ. एका पावसाळ्यात घाणेरी डोक्याएवढी होते, आणि तिच्याखाली सागाचं, पळसाचं पोर गुदमरतं. नुसतं वरून कापून उपयोग नाही, दुप्पट फुटते. कुदळीने खोडाभोवतीची माती बाजूला करून जमिनीच्या खाली मूळ तोडायचं, आणि झुडूप तिथेच मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे फांद्या मातीला टेकून पुन्हा रुजत नाहीत. हे फळं काळी पडायच्या आधी करायचं. नंतर बुलबुल ती फळं खाऊन टेकडीभर बी वाटतात. आणि पुढल्या वर्षी तिथेच पुन्हा जायचं, कारण जुनं बी उगवतच राहतं. काम कंटाळवाणं आहे, काटे लागतात, फोटो चांगला येत नाही. म्हणूनच म्हणते, माणसं इथे हवीत.

अर्धवट तुटून लोंबणाऱ्या फांद्यांना मात्र आपण हात लावू नये. त्यासाठी परवानगी लागते. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे, आणि वनजमीन असेल तर वनविभागाला विचारल्याशिवाय कोयताही न्यायचा नाही. परवानगी मिळाली तरी काम जाणकारानेच करावं. आधी खालून अर्धवट काप, मग वरून, नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओढून नेते. शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या जरासा बाहेर, म्हणजे जखम झाडच भरून काढतं. वर डांबर किंवा ऑइलपेंट फासायची अजिबात गरज नाही. लहान झाड कलंडलं असेल आणि एका बाजूची मुळं मातीत असतील तर ते उभंही करता येतं: वरचा भार कमी करायचा, टेकू द्यायचा, पाणी द्यायचं.

एक कडू गोष्ट राहिली. टेकडीवरचं बरंचसं जंगल वादळात तगलं, शहरातले गुलमोहर, पेल्टोफोरम (पिवळा गुलमोहर) आणि रेन ट्री धडाधड गेले. काही त्या झाडांचा पिंड ठिसूळ, पण बाकी आपण केलेलं. बुंध्यापर्यंत सिमेंट, रस्त्यासाठी एका बाजूची मुळं तोडलेली, केबलसाठी दुसऱ्या बाजूची. धरमपेठेत किंवा सिव्हिल लाइन्समध्ये पडलेल्या झाडाचं बूड कधी वाकून बघा, मुळं किती आखूड उरलेली असतात ते दिसेल. हा प्रश्न रविवारच्या श्रमदानाने सुटणार नाही, तो रस्त्याचं कंत्राट निघतानाच विचारावा लागेल, आणि तो विचारायला मात्र ग्रुपवर कोणी तयार नसतं.

तर, येणाऱ्या रविवारी सकाळी सहाला. कुदळ, विळा, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आपापलं पाणी. लहान मुलांना आणलं तर त्यांच्याकडे फुटवे शोधून बाजूला खूणकाठी रोवायचं काम आहे, म्हणजे आपल्याच कुदळीखाली येणार नाहीत. ज्यांना आता जमत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, त्यांनी फेब्रुवारीत जाळरेषेच्या कामाला यावं. तेव्हा माणसं फार कमी पडतात.